तांबड्या डागाची हजेरी

१० जानेवारी २०२६च्या रात्री जळगाव-धुळ्यात मान पुरती मागे टाकून पाहणाऱ्याला मिथुन राशीत, पुनर्वसूच्या ताऱ्यांजवळ, एक ठळक, न लुकलुकणारा ठिपका दिसत होता. तो गुरू. त्या दिवशी तो सूर्याच्या बरोबर समोर आला होता आणि रात्री साडेबाराच्या सुमारास खानदेशाच्या जवळजवळ थेट डोक्यावर होता. गुरूची उत्तर क्रांती, म्हणजे आकाशातल्या विषुववृत्तापासूनचे अंतर, तेव्हा सुमारे २२ अंश होती आणि जळगावचा अक्षांश आहे २१ अंश. म्हणजे खस्वस्तिकापासून, थेट डोक्यावरच्या बिंदूपासून, गुरू जेमतेम अंशभर दूर.

ज्योतिषाच्या पोथीपेक्षा दुर्बिणीला या योगाचे महत्त्व अधिक. ग्रह क्षितिजाजवळ असला की त्याचा प्रकाश हवेच्या जाड थरातून वाट काढत येतो आणि चित्र पाण्याखालून पाहिल्यासारखे हलते. तोच डोक्यावर असला की हवेचा थर सर्वांत पातळ. अशा वेळी सहा-आठ इंची दुर्बिणीतून गुरूचे तपकिरी पट्टे स्वच्छ दिसतात, आणि वेळ साधली असेल तर दक्षिणेकडच्या पट्ट्याला खेटून बसलेला विटकरी रंगाचा लांबट डागही. खानदेश पृथ्वीच्या विषुववृत्तापासून जितका उत्तरेला आहे, साधारण तितकाच हा डाग गुरूच्या विषुववृत्तापासून दक्षिणेला आहे. जगभर त्याला ‘ग्रेट रेड स्पॉट’ म्हणतात. हे एक वादळ आहे आणि निदान १८३१पासून ते सतत घोंगावते आहे.

‘निदान १८३१पासून’ असे म्हणता येते, कारण तेव्हापासून कोणी ना कोणी त्याची नोंद ठेवत आले. त्याआधीचे मात्र खात्रीने सांगता येत नाही, कारण त्यापूर्वीची शंभरावर वर्षे नोंदच नाही.

वादळाचे आजचे मोजमाप असे. पूर्व-पश्चिम लांबी सुमारे १४,००० किलोमीटर. पृथ्वीचा व्यास १२,७४२ किलोमीटर, म्हणजे आपली पृथ्वी आत टाकली तरी थोडी जागा उरेल. कडेने वाहणाऱ्या वाऱ्याचा वेग ताशी ६४० किलोमीटरच्या वर जातो. त्या वाऱ्यावर बसून धुळ्याहून निघालेला माणूस आठ-नऊ मिनिटांत जळगावला उतरेल. बंगालच्या उपसागरातली किंवा अरबी समुद्रातली वादळे कमी दाबाची असतात. हा भोवरा जास्त दाबाचा आहे आणि घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतो. गुरूभोवती फिरणाऱ्या ‘जुनो’ यानाने २०१९मध्ये डागावरून जाताना गुरुत्वाकर्षणातले बारीक फरक मोजले. त्यावरून वादळाची मुळे ढगांच्या माथ्याखाली फार तर ५०० किलोमीटरपर्यंत असल्याचे निघाले. चौदा हजार किलोमीटर लांब आणि पाचशे किलोमीटर खोल, म्हणजे बेताच्याच खोलीचे हे वादळ आहे.

मग ते इतके टिकते कसे? उलट बाजूने विचारले तर उत्तर सोपे जाते: आपली वादळे इतक्या लवकर का मरतात?

३ जून २०२० रोजी दुपारी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला रायगडच्या किनाऱ्यावर चढले. ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाच्या वाऱ्यांनी कोकणातल्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. तिथून ते ईशान्येकडे सरकले, पण सह्याद्री ओलांडून उत्तर महाराष्ट्रात येईपर्यंत त्याचा जोर ओसरला आणि दुसऱ्याच दिवशी ते साधे कमी दाबाचे क्षेत्र होऊन विरले. कोमट समुद्राच्या वाफेवर वादळ पोसले जाते. जमिनीवर आले की ती वाफ तुटते, डोंगर-झाडे-घरे यांच्याशी घासून वाऱ्याची शक्ती खर्च होते. अशा परिस्थितीत टिकण्याचा पृथ्वीवरचा उच्चांक आहे २०२३च्या ‘फ्रेडी’चा. ऑस्ट्रेलियाजवळून निघून हिंदी महासागर ओलांडत ते मोझांबिकपर्यंत पोहोचले आणि जागतिक हवामान संघटनेच्या हिशेबाने ३६ दिवस टिकले.

गुरूवर किनाराच नाही. हायड्रोजन आणि हेलियमच्या या गोळ्यावर ढगांखाली हवा दाट होत जाते, पण जिथे वादळ आपटून मरावे असा ओटा कुठेच लागत नाही. शिवाय गुरू स्वतःच तापलेला आहे. सूर्याकडून मिळते त्याच्या दीडपटीहून जास्त उष्णता तो बाहेर टाकतो. ही आतली ऊब वातावरण ढवळत राहते. तिसरे कारण वाऱ्यांच्या पट्ट्यांचे. डागाच्या उत्तर कडेला वारा पश्चिमेकडे वाहतो, दक्षिण कडेला पूर्वेकडे. दोन तळहात एकमेकांवर उलटसुलट फिरवले की मधली पिठाची गोळी फिरत राहते, तसा हा भोवरा त्या दोन प्रवाहांमध्ये फिरतो. याच प्रवाहांमुळे तो उत्तर-दक्षिण हलत नाही. त्याचा अक्षांश २२ अंश दक्षिण हाच राहिला आहे. चौथे कारण त्याच्या भुकेचे: आसपास भरकटणारे लहान भोवरे तो गिळतो.

हे नुसते तर्क नव्हेत. १९८८मध्ये टेक्सास विद्यापीठात सोमेरिया, मेयर्स आणि स्विनी यांनी एका फिरत्या टाकीत उलटसुलट प्रवाह निर्माण केले. सुरुवातीला अनेक लहान भोवरे उठले, मग एकमेकांत मिसळत गेले आणि शेवटी एकच मोठा भोवरा उरला. त्याच वर्षी फिलिप मार्कस यांनी संगणकावर गणित मांडून हेच दाखवले. प्रवाह योग्य असतील तर एक मोठा भोवरा आपसूक तयार होतो आणि टिकतोही.

गुरूच्या पट्ट्यांत भोवऱ्यांची मुळीच वाण नाही. पांढरे, तपकिरी, लाल, लहान-मोठे भोवरे वेगवेगळ्या गतींनी सरकत असतात, एकमेकांना गाठतात, मागे टाकतात. त्यात कोणता भोवरा कालचा आणि कोणता आज नव्याने उठलेला, हे कसे ठरवायचे? त्यासाठी जागा मोजावी लागते, आणि ज्या ग्रहावर खडक नाही, डोंगर नाही, एकही पक्की खूण नाही, तिथे जागा मोजायची तर हाताशी असते ते घड्याळच.

गुरू स्वतःभोवती दहा तासांच्या आत एक फेरी मारतो, तासाला सुमारे ३६ अंश. दुर्बिणीतून पाहताना त्याच्या बिंबाच्या मधोमध उत्तर-दक्षिण एक काल्पनिक रेघ धरायची. डाग त्या रेघेवर नेमका आला की वेळ टिपायची. इतकेच. वेळेवरून रेखांश निघतो. निरीक्षकांनी सव्वाशे वर्षे हेच केले: डोळा दुर्बिणीला, हातात घड्याळ, मांडीवर वही. एका वेळी मिनिट-दोन मिनिटांची चूक व्हायची, पण नोंदी शेकड्यांनी असल्या की सरासरीत ती चूक विरते.

रेखांश मोजायला एक ठरलेली गती लागते. गुरूचा विषुववृत्ताजवळचा पट्टा ९ तास ५० मिनिटे ३० सेकंदांत फेरी पूर्ण करतो; त्याच्या बाहेरचे ढग जरा सावकाश, ९ तास ५५ मिनिटे ४१ सेकंदांत. पहिल्याला ‘पहिली पद्धत’ म्हणतात, दुसऱ्याला ‘दुसरी’. दुसरीचा आकडा ठरवताना १८९०-९१मधली लाल डागाचीच सरासरी गती घेतली होती. डाग तेव्हासारखाच चालत राहिला असता तर त्याचा रेखांश कधीच बदलला नसता. पण डाग कोणाच्या कोष्टकाला बांधील नाही. अलीकडच्या वर्षांत तो या पद्धतीत वर्षाकाठी साधारण वीस अंश मागे पडतो आहे.

प्रत्यक्षात याचा अर्थ असा. आज रात्री नऊ वाजता डाग मध्यरेषेवर असेल, तर पाच फेऱ्यांनंतर, परवा रात्री १० वाजून ३८ मिनिटांनी तो पुन्हा तिथे येईल. बारा फेऱ्यांनंतर, पाचव्या रात्री, ८ वाजून ८ मिनिटांनी. मधल्या फेऱ्या दिवसाउजेडी किंवा गुरू मावळल्यावर होतात. हे गणित कागदावर कोणालाही जमेल. पण महिनाभर जुने कोष्टक वापरले तर डाग जवळपास तीन मिनिटे उशिरा येतो, वर्षभर जुने वापरले तर अर्ध्या तासाहून जास्त. शिवाय या मागे पडण्यातही एक हेलकावा आहे: सुमारे नव्वद दिवसांत डाग आपल्या सरासरी जागेच्या अंशभर पुढे जातो, अंशभर मागे येतो. १९६०च्या दशकात जुळवलेल्या नोंदींतून हा हेलकावा उघड झाला.

मध्यम गती काढायची, तिच्यापासून ग्रह किती ढळतो ते पाहायचे आणि जुने आकडे चुकू लागले की दुरुस्त करायचे, ही रीत खानदेशाला नवी नाही. भास्कराचार्यांनी ११५०मध्ये लिहिलेल्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त ब्रह्मगुप्ताचे आकडे घेतले आहेत. त्यानुसार ४३२ कोटी वर्षांच्या कल्पात गुरूच्या ३६,४२,२६,४५५ प्रदक्षिणा होतात. भागाकार केला की एका प्रदक्षिणेला ११.८६ वर्षे येतात. आजचा आकडाही दशांशाच्या दुसऱ्या घरापर्यंत हाच आहे. नाशिक-त्र्यंबकेश्वरचा सिंहस्थ बारा वर्षांनी भरतो तो याच गतीने. अशा आकड्यांत काळाच्या ओघात फरक पडतो हे जुन्या ज्योतिर्विदांना ठाऊक होते. ते त्यांना बीजसंस्कार, म्हणजे दुरुस्ती, देत. चाळीसगावजवळच्या पाटणच्या देवीच्या परिसरातला शिलालेख सांगतो, की भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तिथे मठ स्थापला आणि १२०७मध्ये त्याला निकुंभ राजाकडून दान मिळाले. हा लेख भाऊ दाजी लाड यांनी १८६५मध्ये उजेडात आणला. भास्कराचार्यांच्या काळी दुर्बीण नव्हती. त्यांच्या लेखी गुरू एक प्रकाशबिंदू होता. त्याच्या अंगावर डाग असू शकतो हे कळायला आणखी पाचशे वर्षे जायची होती.

ते कळले १६६५मध्ये. जिओव्हान्नी कॅसिनी तेव्हा इटलीत बोलोन्याला होता. गुरूवर एकच डाग फिरून फिरून त्याच जागी येतो, असे त्याला दिसले आणि त्याने त्याला ‘कायमचा डाग’ म्हटले. त्याच्या साहाय्याने त्याने गुरूच्या फेरीचा काळ काढला. पुढे मधूनमधून १७१३पर्यंत तो डाग दिसल्याच्या नोंदी आहेत. १७११मध्ये दोनातो क्रेती या चित्रकाराने आकाशनिरीक्षणाची एक चित्रमालिका रंगवली. त्यातल्या गुरूच्या अंगावर तांबूस ठिपका आहे. ती चित्रे आज व्हॅटिकनमध्ये आहेत.

नंतर ११८ वर्षे काहीच नाही. दुर्बिणी होत्या, पाहणारेही होते, पण डागाचा उल्लेख कोणीच केला नाही. ५ सप्टेंबर १८३१ रोजी जर्मनीत देसाऊ गावच्या हाइन्रिख श्वाबेने काढलेल्या चित्रात दक्षिण पट्ट्याला पडलेली एक खाच दिसते, लाल डाग बसतो तशीच. श्वाबे पेशाने औषधविक्या; सूर्यावरच्या डागांचे चक्र शोधणारा तो हाच. १८७८-७९मध्ये डाग गडद लाल झाला आणि जगभरच्या निरीक्षकांच्या डोळ्यांत भरला. तेव्हापासून नोंद तुटलेली नाही.

कॅसिनीचा डाग आणि आजचा डाग एकच का? वर्षानुवर्षे पाठ्यपुस्तके ‘हो’ म्हणत आली, आणि त्यामुळे डागाचे वय साडेतीनशे वर्षे सांगितले जाई. २०२४मध्ये स्पेनच्या बास्क प्रांतातले आगुस्तिन सांचेस-लावेगा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सतराव्या शतकापासूनची चित्रे मोजून काढली. कॅसिनीचा डाग बराच लहान निघाला. तोच आजचा असेल, तर मधल्या काळात तो कितीतरी पटींनी वाढला असायला हवा, आणि १८७९पासूनचा इतिहास तर नेमका उलट, आकसण्याचा आहे. तेव्हा कॅसिनीचे वादळ अठराव्या शतकात कधीतरी विरले आणि नंतर त्याच अक्षांशावर नवे उठले, हे जास्त संभवनीय. ११८ वर्षांत एका हौशी माणसाने दर हिवाळ्यात एक चित्र काढून ठेवले असते, तर हा वाद उरलाच नसता.

अशा हौशी माणसांनीच पुढे गुरूचे वेळापत्रक बसवले. ब्रिटिश ॲस्ट्रॉनॉमिकल असोसिएशनच्या निरीक्षकांपैकी स्टॅन्ली विल्यम्सने १८९६मध्ये गुरूवरचे नऊ वेगवेगळे प्रवाह वेगळे काढून दाखवले. पर्सी मोल्सवर्थ हा लष्करी अभियंता श्रीलंकेत त्रिंकोमालीला होता. (मराठी कोश करणारे मोल्सवर्थ वेगळे.) इंग्लंडातल्या निरीक्षकांना गुरू धुक्यातून, क्षितिजालगत दिसत असे, त्रिंकोमालीत तो उंच असे. मोल्सवर्थने मध्यरेषा ओलांडण्याच्या हजारो वेळा टिपल्या. २८ फेब्रुवारी १९०१ रोजी त्याला लाल डागाच्याच अक्षांशावर एक काळपट लचका दिसला. तो पसरत गेला, लाल डागाला अनेकदा गाठून पुढे निघाला आणि १९३९च्या सुमारास नाहीसा झाला. जवळपास चाळीस वर्षांचे ते आयुष्य निरीक्षकांच्या वह्यांतून सलग वाचता येते.

ते संपते न संपते तोच दुसरे प्रकरण उघडले. १९३९-४०मध्ये ३३ अंश दक्षिणेचा पांढरा पट्टा तीन जागी तुटला आणि त्यातून तीन पांढरे अंडाकृती भोवरे झाले. एल्मर रीसने त्यांना अक्षरे दिली: बीसी, डीई, एफए. सहा दशके ते आकसत, एकमेकांच्या मागेपुढे होत राहिले. १९९८मध्ये पहिले दोन एकत्र झाले, २०००मध्ये तिसरा त्यात मिसळला. उरलेल्या एकाचे नाव ‘बीए’. २४ फेब्रुवारी २००६ रोजी फिलिपिन्समधल्या क्रिस्टोफर गो या हौशी निरीक्षकाने टिपलेल्या चित्रात बीए लाल दिसला. महिनाभरात जगातल्या मोठ्या दुर्बिणी तिकडे वळल्या. पांढरा भोवरा लाल का होतो, यावर अजून एकमत नाही. अमोनियासारख्या वायूंवर सूर्याचे अतिनील किरण पडून तयार झालेली संयुगे रंग देत असावीत, असे प्रयोगशाळेतले निष्कर्ष सुचवतात.

आज वही आणि घड्याळाची जागा कॅमेऱ्याने घेतली आहे. गुरूकडे रोखलेल्या दुर्बिणीच्या मागे लहानसा कॅमेरा लावून सेकंदाला साठ-शंभर चौकटी या वेगाने दोन-तीन मिनिटे चित्रण करायचे. हवा थरथरते, पण हजारो चौकटींत काही क्षण असे सापडतात जेव्हा ती स्थिर असते. ‘ऑटोस्टॅकर्ट’सारखी आज्ञावली त्या निवडक चौकटी एकावर एक रचते. दोन-तीन मिनिटांची मर्यादा गुरूच्याच घाईमुळे: आठ इंची दुर्बिणीला जितका बारकावा दिसतो, तेवढे अंतर बिंबाच्या मध्यावरचे ढग अडीच मिनिटांत सरकून जातात. त्याहून जास्त वेळ चित्रण केले की चित्र फराटते.

खानदेशात यातली मोठी अडचण म्हणजे स्लॅब. दिवसभर तापलेली सिमेंटची गच्ची रात्री उशिरापर्यंत धग सोडते आणि ती धग नेमकी दुर्बिणीच्या तोंडासमोरून वर चढते. जानेवारीत हे निभते. मार्च उजाडला की संध्याकाळी गच्चीवरून गुरू उकळताना दिसतो. जुन्या धाब्याच्या घरांची मातीची पाठ इतकी तापत नाही, पण ती घरे आता थोडी उरली. अशा वेळी शेतातला मोकळा, ओलवलेला तुकडा गच्चीपेक्षा बरा. दुर्बीणही तास-दीड तास आधी बाहेर काढून ठेवावी लागते. तिच्या आतली हवा आणि बाहेरची हवा यांचे तापमान सारखे झाल्याशिवाय चित्र बसत नाही.

मग मोजणी. संगणकाचे घड्याळ आधी इंटरनेटवरून जुळवून घ्यायचे आणि भारतीय वेळेतून साडेपाच तास वजा करून जागतिक वेळ लिहायची. ‘विनज्युपॉस’ या मोफत आज्ञावलीत चित्र उघडले की ती त्या वेळचे गुरूचे बिंब रेघांनी आखून देते. ती आखणी चित्राच्या कडांवर चपखल बसवायची, डागाच्या पूर्व टोकावर, पश्चिम टोकावर आणि मध्यावर टिचकी मारायची. रेखांश-अक्षांश समोर येतात. इथे घड्याळाला फार किंमत आहे. वेळ एका मिनिटाने चुकली की गुरूवर जागा ०.६ अंशाने चुकते, म्हणजे डागाच्या अक्षांशावर सुमारे ७०० किलोमीटरनी. नव्वद दिवसांचा हेलकावा जेमतेम अंशभराचा, म्हणून घड्याळ दोन मिनिटे मागे असले तर तो हरवून जातो.

अशी मोजमापे जगभरच्या हौशी लोकांकडून ‘जुपॉस’ प्रकल्पात जमा होतात आणि त्यातून प्रत्येक भोवऱ्याचा आलेख निघतो. या साखळीत रेखांशांना महत्त्व आहे. खानदेशात मध्यरात्र असते तेव्हा जपानमध्ये पहाटेचे साडेतीन वाजलेले असतात आणि जर्मनीत संध्याकाळचे साडेसात. म्हणजे जानेवारीतल्या त्या रात्री जपानला गुरू पश्चिमेकडे कलला होता, जर्मनीत तो अजून पूर्वेकडून वर चढत होता आणि मधल्या भारताला तो माथ्यावर होता. दहा तासांत फिरून जाणाऱ्या ग्रहाची जी बाजू त्या दोन-तीन तासांत समोर असते, ती सर्वांत स्वच्छ टिपण्याची संधी भारतातल्या निरीक्षकाची. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४पासून आणि मुंबईचे खगोल मंडळ १९८५पासून हौशी निरीक्षकांना घडवत आली आहेत. खानदेशाला पुण्या-मुंबईपेक्षा कोरडी हवा मिळालेली आहे आणि सातपुड्याच्या पायथ्याशी अंधारही आहे.

टिपण्यासारखे सध्या बरेच घडते आहे, कारण डाग बदलतो आहे. १८७९च्या सुमारास त्याची लांबी ४०,००० किलोमीटरच्या जवळपास होती. १९७९मध्ये व्हॉयेजर यानांनी मोजली तेव्हा ती सुमारे २३,००० भरली, २०१४मध्ये हबल दुर्बिणीने मोजली तेव्हा १६,५००. लांबट भाकरीसारखा दिसणारा डाग आता बराच गोल झाला आहे. मे २०१९मध्ये ऑस्ट्रेलियातल्या अँथनी वेस्लीसह अनेक हौशी निरीक्षकांनी त्याच्या कडेने लाल पापुद्रे सुटताना पाहिले आणि डाग मोडतो आहे अशा बातम्या उठल्या. पापुद्रे वरवरचे होते. आतला भोवरा शाबूत होता. उलट हबलच्या २००९ ते २०२० या काळातल्या चित्रांवरून मायकेल वाँग आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की कडेच्या वाऱ्याचा वेग ८ टक्क्यांपर्यंत वाढला आहे. वाढ वर्षाला ताशी अडीच किलोमीटरहूनही कमी. ६४० किलोमीटरच्या वाऱ्यात एवढा फरक ओळखायला अकरा वर्षांची सलग चित्रे लागली.

डिसेंबर २०२३ ते मार्च २०२४ या एकाच नव्वद दिवसांच्या हेलकाव्यावर एमी सायमन यांच्या गटाने मोजक्या तारखांना हबल रोखली. हेलकावा जुनाच, ठाऊक असलेला. नवीन निघाले ते असे: डाग मागेपुढे होताना त्याचा आकारही बदलतो, तो आळीपाळीने फुगतो आणि आवळतो. हबलला गुरूकडे रोज पाहता येत नाही. अशा मोजक्या तारखांच्या मधली जागा जमिनीवरच्या आठ-दहा इंची दुर्बिणीच भरून काढतात.

मोठे वादळही मरते, याचा दाखला नेपच्यूनवर आहे. ऑगस्ट १९८९मध्ये व्हॉयेजर-२ला तिथे पृथ्वीएवढा काळा डाग दिसला. १९९४मध्ये हबलने पाहिले तेव्हा तो नव्हता. मधल्या पाच वर्षांत कधी, कसा, किती दिवसांत तो विरला, हे कोणी पाहिले नाही. इतक्या दूरच्या, इवल्याशा बिंबावर तेव्हा हौशी दुर्बिणीचा इलाज चालत नव्हता. गुरूचा डाग विरायला लागला तर तो मात्र शेकडो डोळ्यांसमोर विरेल.

पुढच्या मोठ्या मोहिमांना अवकाश आहे. नासाचे ‘युरोपा क्लिपर’ २०३०मध्ये आणि युरोपचे ‘ज्यूस’ २०३१मध्ये गुरूजवळ पोहोचणार आहे. तोवर डागाची लांबी, जागा आणि हेलकावा यांची आकडेवारी बरीचशी गच्चीवरून आणि शेतातून येईल. खानदेशाला पुढचे हंगाम सोयीचे पडतात. २९ जुलै २०२६ रोजी गुरू सूर्याआड जातो, म्हणजे तो दिसत नाही ते आठवडे ऐन पावसाळ्यातले. तेव्हा तापीच्या खोऱ्यावर तसेही ढगच असतात. पाऊस उघडला की तो पहाटेच्या आकाशात परततो आणि १० फेब्रुवारी २०२७च्या सुमारास पुन्हा सूर्यासमोर येतो. त्या वर्षी तो डोक्यावरून थोडा दक्षिणेला सरकलेला असेल, पुढच्या वर्षी आणखी. इतक्या उंचीवर तो परत यायला बारा वर्षांची फेरी पुरी व्हावी लागेल.

फेब्रुवारी २०२७साठी कोष्टक करायचे तर आधीच्या हंगामातला रेखांश घ्यायचा, महिन्याला पावणेदोन अंश या हिशेबाने फरक मिळवायचा आणि नव्वद दिवसांच्या हेलकाव्यासाठी दोन मिनिटांची सूट ठेवायची. डाग त्या वेळेच्या आधी आला की नंतर, हे पहिल्याच निरभ्र रात्री कळेल.